भरलं

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं पडलंच नव्हतं. पौषातला दिवस. आभाळ काही भरून आलेलं नव्हतं, पण सुप्याच्या माळावर पांढरं काहीतरी अंथरल्यासारखं पसरलं होतं आणि सूर्य त्याच्यामागं ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा तरंगत होता. वारा नाही. गवत वाळून पिवळं पडलेलं, तरी दवानं मऊ झालेलं, पाऊल टाकलं तर आवाज करत नव्हतं. अशा दिवशी लांबचा आवाज जवळ येतो आणि जवळचा लांब जातो. मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मी वाटी घेऊन शेजारच्या आक्काबाईकडं विरजण आणायला निघालो होतो. ती दारात तूर पाखडत बसली होती.

"काय वं आबा, आज पिच्चरचा दिवस न्हवं? आन् हिरोच विरजण मागत हिंडतुय व्हय?"

"हिरो कुठला गं. मी नुसता आवाज."

"आवाज तर आवाज. घरात काय तुमचा कवा निघत न्हाय, तितं तरी निघूद्या."

हसली, आणि वाटीत विरजण घातलं. मीही हसलो. दिवस असा साधाच सुरू झाला होता.

तीन वर्षांमागं पुण्याची माणसं आमच्या माळावर लहान पोरांचा सिनेमा करायला आली होती. एक पोरगी कोकराच्या मागं चालत चालत ढगात जाते, तिथं ढगांची मेंढरं असतात, अशी गोष्ट. माझी मेंढरं त्यांनी भाड्यानं घेतली. आमची मेंढरं काळी. ढगांना काळी चालत नाहीत म्हणे, म्हणून दोन पोती पावडर चोळून पांढरी केली. मी म्हणालो, पावसाचं ढग काळंच असत्यात की. तर त्यांचा मुख्य, दिग्विजय म्हणून तरणा माणूस, डोक्याला हात लावून हसला.

आणखी एक गंमत झाली. आमच्यात मेंढरं बसवायच्या जागेला वाडा म्हणतात. चार काठ्या आणि भोवतीनं सुतळीची जाळी, तिचं नाव वाघर. झाला वाडा. दिग्विजयनं कागदावर ढगांचा वाडा असं लिहिलं, आणि सजावटवाल्यांनी थर्माकोलचे खांब, कमान आणि कमानीवर मोर असं सगळं उभं केलं. मी म्हणालो, "सायेब, हितं मेंढरं बसायची न्हाईत. हितं पाव्हनं बसतील पान खायाला." मग त्यांनी कमान तशीच ठेवली आणि तिच्या आत माझी वाघर लावली.

त्या सिनेमात म्हातारा आजा नातीला हाक मारतो. आज्याचं काम करणारा मुंबईचा नट चांगला होता, पण त्याची हाक त्याच्या पायापाशीच पडायची. तेव्हा माझा आवाज घ्यायचं ठरलं. प्रतिक्षा नावाची पोरगी आवाजाचं काम बघायची. मांजरासारखा केसाळ माईक लांब काठीला लावून तिनं माझ्या तोंडापुढं धरला. दिवेलागणीची वेळ होती. माझी मेंढरं तेव्हा मुलाबरोबर ओढ्याकडं गेलेली. समोर नुसता माळ.

मी तीनदा हाक दिली. "ये गं बायऽऽ, घरला येऽऽ."

दिग्विजय म्हणाला, "कट! ओके!" वडापाव आले, चहा आला. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं की भरलं म्हणायचं राहिलं. मग म्हटलं, सिनेमातली हाक ती. तिला कशाचं आलंय भरलं.

आता ही भरलंची गोष्ट. दिवस मावळताना हाक द्यायची. जनावर एकेक करून वाघरीच्या तोंडातनं आत घ्यायचं. मागनं पोरं. सगळे आत आले की कर्त्या माणसानं एकदाच मोठ्यानं म्हणायचं, भरलं. मग वाघर बांधायची. भरलं म्हटलं की हाक मिटली. त्यानंतर जे बाहेर ते बाहेर, त्याला पुन्हा हाक मारायची नाही. मारली तर येणारं आपलंच असेल असं नाही, अशी आमच्यातली समजूत.

आणि पुढचं जे सांगतो ते मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बासष्ट वर्षं झाली. आम्ही मेंढरं घेऊन कोकणातनं परतलो होतो आणि याच माळावर तळ पडला होता. आई तापानं फणफणलेली. मी दहा वर्षांचा, धाकटी बहीण सहाची. कुशाबाई तिचं नाव, आम्ही कुशी म्हणायचो. मला ती दादा म्हणायची. हाक मारली की सगळी पोरं ओ म्हणतात, ती वो म्हणायची, आणि पळत येत असायची म्हणून तो वो मधेच तुटायचा. त्या सांजेला बा वाघरीच्या तोंडाशी उभा होता. मला दिवसभराच्या चालीनं झोप आली होती. बानं विचारलं, "दत्तू, कुशी आली का रं?" मी बघितलं. चुलीपाशी घोंगड्याखाली बारकंसं काहीतरी मुटकुळं करून निजलेलं होतं. हललं. मी म्हणालो, "आली."

बा म्हणाला, "भरलं."

मध्यान रातीला ते घोंगडं ब्यां करून ओरडलं. आत कोकरू होतं.

बा चार दिवस माळ तुडवत हिंडला. पण हाक मारली नाही. आणि मरेपर्यंत मला एकदाही विचारलं नाही, की तू आली असं का म्हणालास. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

असो.

तर विरजण घेऊन घरी आलो, तो दारात जीप उभी. पहिला सिनेमा पोरांना फार आवडला म्हणून आता त्याचाच पुढचा भाग करत होते, पंधरा दिवस झाले माळावर तंबू पडले होते. पहिल्या भागात कोकरामागं जाणाऱ्या पोरीचं काम केलेली राजनंदिनी आता उंच झालेली, ताडमाड. म्हणून ढगात राहणारी एक नवी बारकी पोरगी गोष्टीत घातली होती, आणि ती लांबून, पाठमोरीच दिसायची होती. त्या कामाला माझी नात छकुली घेतली होती. तीही सहाचीच. माझी सून विजयमाला तिच्या वेण्या घालत होती आणि पोरगी मान हलवून हलवून वेणी सोडवत होती.

प्रतिक्षा ओट्यावर बसली होती. चेहरा जागरणाचा. म्हणाली, "आबा, छकुलीला नेण्याआधी तुम्हाला एक ऐकवायचंय."

तिनं माझ्या कानांवर ते हेडफोन चढवले. आधी नुसता माळ ऐकू आला. माळाचा पण आवाज असतो, गवत आणि गार हवा यांचा मिळून. मग माझी हाक. तीन वर्षांमागची. एक... दोन... तीन. आणि मग...

"वोऽऽ..."

मधेच तुटलेला.

मी हेडफोन काढले नाहीत. काढायला हात उचललाच नाही.

प्रतिक्षा हळू आवाजात सांगत होती. "पहिल्या सिनेमाच्या वेळी मी हे कापून टाकलं होतं. तेव्हा ते इतकं लांब होतं, की मला वाटलं कुठल्या तरी वस्तीवरचं पोर असेल. मग दिग्विजयसरांनी ऐकलं. ते म्हणाले, ओ कोण म्हणालं, हाच आपला दुसरा भाग. पण आबा... मी हे दर दोन-चार महिन्यांनी ऐकत आलेय. रेकॉर्डिंग तेच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. तरी दर वेळी ते जवळ येतं. काल ऐकलं तेव्हा वाटलं, माझ्या खुर्चीच्या मागूनच."

"तवा भरलं म्हनायचं ऱ्हायलं हुतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे काय?"

मी तिला हाकेची रीत सांगितली. कुशीचं नाही सांगितलं. दिग्विजय जीपपाशी फोनवर बोलत होता, तो बोलणं टाकून आला. डोळे चमकायला लागले त्याचे. "आबा, हाच शेवट! छकुली धुरात जाईल, नटाऐवजी तुम्हीच कॅमेऱ्यापुढं उभे राहून हाक द्याल, ती ओ म्हणेल, मेंढरांबरोबर परत येईल, आणि तुम्ही म्हणाल, भरलं. बस. आजच घेऊ."

छकुलीला पाठवत नाही असं मी म्हणू शकत होतो. विजयमाला रुसली असती, पोरगी रडली असती, त्यापलीकडं काही झालं नसतं. पण मी बोललो नाही. खरं सांगतो तुम्हाला, मला हाक मारायची होती. तो वो ऐकल्यावर मला त्या माळावर उभं राहून एकदा हाक मारायचीच होती. पाप असेल तर ते एवढंच, आणि ते माझं.

दुपार ढळल्यावर माळावर गेलो. धुराची दोन यंत्रं घुर्र करत होती. तो धूर वर जायचा नाही, गवताला धरून सरपटायचा, आणि वरचं धुकं खाली येऊन त्याला मिळायचं. कुठला धूर माणसाचा आणि कुठला देवाचा, कळत नव्हतं. त्याला वास होता, गोडसर, उसाच्या मळीला येतो तसा. राजनंदिनी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. छकुलीला म्हणाली, "घाबरू नकोस हं. मीपण पहिल्यांदा घाबरले होते."

"मी कशाला भिऊ? माळ आमचाच हाय," छकुली म्हणाली.

सगळे हसले. तिला पांढरा झगा घातला, वर घोंगड्याची खोळ करून डोक्यावरनं घेतली. प्रतिक्षानं तिच्या गळ्यापाशी बोंडाएवढा माईक लावला आणि सांगितलं, "तू कितीही लांब गेलीस ना, तरी तुझा श्वाससुद्धा मला ऐकू येणार."

दिवेलागणीआधीचा अर्धा तास. दिग्विजयला तोच उजेड हवा होता. छकुली मेंढरांबरोबर धुरात शिरली. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग झगा, मग खोळ. मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज जरा वेळ येत राहिला. मग तोही मऊ होत गेला, झोपेत ऐकल्यासारखा. मी या खेपेलाही उभारलेल्या कमानीखाली वाघरीच्या तोंडाशी उभा राहिलो. बा उभा राहायचा तसा.

दिग्विजयनं हात खाली केला.

"ये गं बायऽऽ, घरला येऽऽ."

घुंगरं थांबली.

दुसऱ्यांदा दिली. धूर नुसता हलला, कुणी तरी कूस बदलल्यासारखा.

तिसऱ्यांदा देताना माझा आवाज मला माझा वाटला नाही. बाचा वाटला.

"वोऽऽ..."

धुरातनं मेंढरं यायला लागली. पावडर चोळलेली, पांढरी, एकामागं एक, एरवी ढकलाढकली करतात ती माना खाली घालून गुमान चालत होती. वाघरीतनं आत गेली. आणि मागनं बारकी आकृती आली. डोक्यावरनं घोंगड्याची खोळ. तोंड दिसत नव्हतं. ती चालत माझ्यापाशी आली आणि वाघरीच्या बाहेर उभी राहिली. तिनं माझी करंगळी धरली.

तिच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास होता आणि चुलीतल्या वाळक्या तरवडाच्या काटक्यांचा. आमच्याकडं गॅस येऊन किती तरी वर्षं झाली.

दिग्विजय मागं कुजबुजला, "सुंदर... आता शब्द, आबा. शब्द."

सगळा माळ थांबला होता. कॅमेरा चालू. मी तोंड उघडलं. तेवढ्यात डाव्या बाजूला प्रतिक्षा दिसली. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरलेले. ती सरकत माझ्याजवळ आली आणि इतक्या हळू बोलली, की मलाच ऐकू आलं.

"आबा... छकुली अजून लांब आहे. ती चालतेय... मला तिची पावलं ऐकू येतायत... ती म्हणतेय, आबा कुठं हायत..."

करंगळीवरची पकड जराशी घट्ट झाली.

मला तेव्हा भीती वाटली असं म्हणणार नाही. भीती नंतर आली, आणि अजून गेलेली नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की एक शब्द माझ्या जिभेवर आहे. तो म्हटला की बासष्ट वर्षांची चूक मिटेल, कुशी आत येईल. आणि छकुली बाहेर राहील. पुन्हा बारकं काहीतरी खोळीत आहे, पुन्हा मी आली म्हणायचं, पुन्हा न बघता.

मी खाली वाकलो. खोळ बाजूला केली नाही. माझी तेवढी छाती नव्हती.

"बाय," मी म्हणालो, "एक जन मागं ऱ्हायलीया गं. तुज्यायेवढीच हाय. तिला घिऊन येती का?"

खोळ जरा वेळ तशीच राहिली. मग माझी करंगळी सुटली. ती वळली आणि धुरात गेली. गवत वाजलं नाही.

"आबा, काय करताय? शब्द!" दिग्विजय ओरडला. मी हात वर करून त्याला थांबवलं. जन्मात कुणाला असं थांबवलं नव्हतं. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. उजेड विझत चालला होता. विजयमाला पुढं येऊ बघत होती, तिला बघायला जमलेल्या बायांनी धरलं होतं. प्रतिक्षा डोळे मिटून ऐकत होती. एकदम म्हणाली, "कुणीतरी तिच्याशी बोलतंय..."

आणि छकुली आली. खोळ मागं पडलेली, वेणी सुटलेली, गालावर पावडर. पळत वाघरीच्या आत आली आणि माझ्या धोतराला मिठी मारली. मी तिचं तोंड वर करून बघितलं. डोळे, नाक, हनुवटीवरचा तीळ. सगळं नीट बघितलं. त्या वेळी बघितलं नव्हतं ना.

"कुठं गं गेलतीस?"

"कुठं न्हाय. हाकंच्या मागं चालले तर हाकच लांब लांब जायाची. मग एका पोरीनं हात धरून आनलं." तिनं मागं बोट दाखवलं. "ती काय जाळीत येईना. मला म्हनली, पयलं तू जा."

मागं धूर होता.

आता तरी शब्द म्हणा म्हणून दिग्विजयनं हात जोडले. मेंढरं आत होती, छकुली आत होती. म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण ती धुराच्या कडेला उभी असणार, मी म्हणतो का ते ऐकत. एकदा तिला मी बाहेर ठेवलं. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं ठेवू? आत ये म्हणावं, तर आत येऊन ती कुणाच्या अंथरुणात निजणार, हेही मला कळेना. मी काहीच म्हणालो नाही. वाघर तशीच उघडी टाकली आणि नातीला खांद्यावर घेऊन घरी आलो.

उन्हाळ्यात तो सिनेमा लागला. बारामतीला जाऊन आम्ही बघितला. शेवटी मी दिसतो, तोंड उघडं, शब्द नाही. तिथं बासरी वाजते. माणसं रडतात म्हणे. प्रतिक्षानं नंतर ते आवाजाचं काम सोडलं. जाताना ते जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं म्हणाली. पुसायच्या आधी एकदा ऐकलं, तर त्यात आता माझी हाकच राहिली होती, पुढं काही नव्हतं. ते बाहेर आलं होतं, दुसरं काय.

तेव्हापासून मी वाघर बांधत नाही. मुलगा ओरडतो, लांडगं हायत, बिबट्या आलाय म्हणतो. मी ऐकून घेतो. अजून एक जनावर कमी झालेलं नाही. छकुली बरी आहे. खाते, शाळेत जाते. फक्त झोपताना तिचा एक हात वाकळंच्या बाहेर असतो, खाटेवरनं खाली लोंबणारा, मूठ अर्धी मिटलेली. मी उठून तो आत घेतो. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. विजयमाला म्हणते, वाढत्या अंगाची सवय असेल. असेल.

काल सांजच्याला मी ओट्यावर बसलो होतो. आभाळ पुन्हा त्या दिवसासारखंच, ना ऊन ना ढग. सुनेनं छकुलीला विरजणाला पाठवलं होतं आणि ती वाटी घेऊन नुकतीच घरात गेली होती. तिच्या मागोमाग आक्काबाई आली. एरवी लांबूनच टोमणा मारत येते, काल तशी आली नाही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. कुंपणापाशीच थांबली, आत आली नाही, आणि माझ्या मागच्या उघड्या दाराकडं बघत म्हणाली,

"आबा, छकुलीसंगं ती दुसरी पोर कुनाची वं? आमच्या दारात आली, पर उंबऱ्याच्या आत काय येईना. म्हनलं, बाय, तिचा हात तरी सोड, वाटी सांडंल. तर म्हनली, दादा भरलं म्हनला की सोडीन... तुमच्या घरात दादा कुनाला म्हंत्यात, आबा?"